आईचं गाठोडं आणि नातीची बॅकपॅक



गेल्या महिन्यात सौंसरला एका स्नेह्यांकडे सत्यनारायण होता. प्रसाद घेऊन ओसरीवर बसलो, तर विषय माझ्या नातीवर आला. "भाऊ, तुमची नात म्हणे त्या ग्वाटेमाला का काय, तिथं एकटीच फिरून आली? पाठीवर पिशवी घेऊन? अन् तुम्ही जाऊ दिलं?" विचारणारे माझ्याच वयाचे, निवृत्त शिक्षक. टोमणा नव्हता, काळजीच होती. मी "हो, आली बुवा सुखरूप" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर चैन पडेना. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढंसं उत्तर देणं बरोबर नाही. आपल्या सगळ्यांचीच मुलं-नातवंडं आज नागपूर, पुणे, हैदराबाद, कुणाची थेट अमेरिकेत आहेत. माझ्या दारात आलेला प्रश्न उद्या तुमच्याही दारात येणार आहे. म्हणून सविस्तर लिहितो. लांबेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी मत सांगतो, कारण आम्हा बँकवाल्यांना रक्कम आधी आणि तपशील मागून वाचायची सवय असते. माझं मत असं की, मुलगा असो की मुलगी, कमावती झाली, शहाणी झाली, की तिला पाठीवर पिशवी टाकून अनोळखी मुलखात फिरू द्यावं. जाऊ की नको हे ठरवण्याचं काम आपलं राहिलेलं नाही. तयारीला हातभार लावण्याचं काम मात्र आपलं आहे. हे मत माझं आधीपासून नव्हतं. उलट होतं. त्या उलट मताची किंमत माझ्या मुलीने मोजली, तेही पुढे लिहिणार आहे.

पण सुरुवात १९६३ पासून करावी लागेल.

मी तेव्हा बारा वर्षांचा. लहानपणी मला मोठं दुखणं झालं होतं आणि आईने मोठ्या महादेवाला नवस केला होता, की पोरगा वाचला तर चौरागडावर त्रिशूळ वाहीन. नवस सात-आठ वर्षं तसाच राहिला होता. वडील संत्र्याच्या बागेत गुंतलेले, आज जाऊ उद्या जाऊ चाललेलं. शेवटी त्या वर्षी महाशिवरात्रीच्या आधी गावातून पोहा निघाला तेव्हा आईने सांगून टाकलं, "लेकराचं नवस हाय. तुमी या नाई तं नका येऊ, मी जातो." आपल्याकडच्या बायका 'मी जाते' म्हणत नाहीत, 'मी जातो' म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको.

नव्या मुलांसाठी सांगतो, पोहा म्हणजे महादेवाला निघालेल्या लोकांचा जथा. पुढे भगत, खांद्यावर त्रिशूळ, मागे बायाबापड्या, पोरंटोरं. आमचा पोहा पांढुर्ण्याहून रेल्वेने आमल्याला गेला, तिथं गाडी बदलून जुन्नारदेव. जुन्नारदेव विशाल्याला जे देवस्थान आहे त्याला 'पहिली पायरी' म्हणतात. तिथं नारळ फोडायचा आणि मग भुरा भगताच्या वाटेने डोंगर-जंगल तुडवत चौरागड. आज चौरागडावर तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वर पोचलेल्या माणसाला तिथली त्रिशुळांची रास पाहून पाय दुखल्याचं आठवत नाही.

आईच्या डोक्यावर एक गाठोडं होतं. जुन्या लुगड्यात बांधलेलं. त्यात दशम्या, ज्वारीच्या भाकरी, तिखट, फुटाणे, एक घोंगडी, एक पितळी चंबू आणि माझा एक सदरा. जवळ सतरा रुपये होते. ते तिने तीन ठिकाणी ठेवले होते. काही पदराच्या गाठीला, काही गाठोड्याच्या तळाशी फुटाण्यांत, आणि दोन रुपये माझ्या गळ्यातल्या ताईताच्या दोऱ्याला चिंधीत शिवून. "पैसे एका जागी ठेवाचे नाई. एक गेलं तं दोन राहते."

दुसऱ्या दिवशी जंगलात मला ताप भरला. चालवेना. पोह्याला मुहूर्तावर गडावर पोचायचं होतं. आईनेच भगताला सांगितलं, तुम्ही व्हा पुढं. एक म्हातारे मामा आमच्यासोबत थांबले आणि एका गोंड वस्तीत एका घरी आम्ही दोन रात्री राहिलो. त्या घरच्या बाईची भाषा आईला येत नव्हती, आईची तिला अर्धीमुर्धी. तिने मला मक्याची पेज पाजली आणि चुलीजवळ झोपवलं. तिसऱ्या दिवशी उतरणीला लागलेला आमचा पोहा आम्हाला भेटला. आम्ही मात्र वर चढलो, त्रिशूळ वाहिला आणि मग आलो. परतताना मी आईला विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "जेथ चूल दिसन तेथ बाई असन, अन् जेथ बाई असन तेथ लेकरासाठी घोटभर पेज असन. भेव कायचं?"

माझी आई अंगठाबहाद्दर होती. नकाशा तिने जन्मात पाहिला नाही. ती सारखं 'आपलं राज्य नागपूर' म्हणायची, कारण १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, हे तिच्या लेखी कागदावरचं होतं. तिचं माहेर वरुडकडचं. तिला एवढंच कळलं, की माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या.

आता माझी गोष्ट. मी नागपूरला बी.कॉम. केलं, १९७३ला बँकेत लागलो. सुरुवातीची काही वर्षं आईच्या वळणावर होतो. १९७८च्या श्रावणात चार मित्र मिळून पचमढीला नागद्वारीला गेलो. पाऊस असा, की समोरचा माणूस दिसत नव्हता. एका उतारावर पाय घसरला आणि गुडघा फुटला. कुठल्याशा गावच्या मंडळाने लावलेल्या भंडाऱ्यात कुणीतरी हळद बांधली, गरम खिचडी दिली, आणि आम्ही तसेच पुढे पद्मशेषापर्यंत गेलो. तो गुडघा अजून पावसाळ्यात बोलतो.

मग प्रमोशन झालं, लग्न आधीच झालेलं होतं, मुलं झाली. एल.टी.सी. आलं. आता प्रवास म्हणजे आधी रिझर्वेशन, मग हॉटेल, मग टॅक्सी, मग पावत्या. काश्मीर पाहिलं, कन्याकुमारी पाहिली, जगन्नाथपुरी पाहिली. निवृत्तीनंतर नावाजलेल्या कंपनीची सिंगापूर टूरही केली. बसमध्ये भेळ, रात्री जेवायला वरण-भात. सगळं छान झालं. तक्रार नाही. पण खरं सांगू? त्या सगळ्या प्रवासांतलं एकही अनोळखी माणूस मला आठवत नाही. मला आठवते ती पेज पाजणारी बाई, आणि माझ्या गुडघ्याला हळद बांधणारा तो हात.

१९९६ साल. माझी मुलगी नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, होस्टेलवर राहायची. शनिवारी छोट्या लाईनने सौंसरला यायची. ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. मोठी लाईन आली ते बरंच झालं, पण त्या डब्यातला झोका ज्याने खाल्ला त्यालाच माहीत. तर एका शनिवारी मी तिला घ्यायला स्टेशनवर गेलो. घरी येईपर्यंतही तिला दम नव्हता. स्टेशनबाहेरच सांगायला लागली, की कॉलेजचा ग्रुप मे महिन्यात हिमाचलला ट्रेकला चाललाय, बारा दिवस, दोन मॅडम सोबत आहेत, खर्च एवढा एवढा. चेहरा नुसता फुललेला.

मी स्कूटरला किक मारता मारता म्हणालो, "ते डोंगर-बिंगर आता नको. लग्न झाल्यावर नवऱ्यासोबत फीर पाहिजे तेवढं."

एवढंच. माझ्या बाजूने विषय संपला होता. ती काही बोलली नाही. रडली नाही, रुसली नाही. मागच्या सीटवर बसली आणि घरी आली. त्यानंतर तिने मला कधीही काहीही मागितलं नाही. मी मात्र चारचौघांत कौतुकाने सांगायचो, "आमची पोरगी फार समजूतदार, हट्ट म्हणून नाही." १९९८ला लग्न झालं. जावई सज्जन आहेत, पण त्यांना घाट लागला की मळमळतं.

आता हिशोब पाहा. ज्या बाईला सही करता येत नव्हती ती १९६३मध्ये तापाने फणफणलेलं पोर घेऊन जंगलात परक्या घरी दोन रात्री राहिली. आणि तिचा शिकलेला, बँकेत ऑफिसर झालेला मुलगा १९९६मध्ये आपल्या वीस वर्षांच्या मुलीला दोन शिक्षिकांसोबतसुद्धा पाठवायला तयार नव्हता. मधल्या तेहतीस वर्षांत जंगल जास्त भयंकर झालं नव्हतं. मी स्थिरावलो होतो. घर, नोकरी, समाजात नाव. गमावण्यासारखं जमा झालं, की माणूस भित्रा होतो, आणि त्या भीतीला तो संस्कार म्हणतो. मी म्हणत होतो.

आता नातीकडे येतो. २०२४च्या दिवाळीत सगळे सौंसरला जमले होते. फराळाला बसल्यावर ती म्हणाली, "आबा, जानेवारीत मी ग्वाटेमालाला जातेय. चोवीस दिवस. एकटी." वय पंचवीस, पुण्यात नोकरी, पैसे स्वतःच्या पगारातले. माझ्या तोंडात चकली होती. ती खाली ठेवून मी तेच म्हणालो जे माझ्यासारखा माणूस म्हणतो, "एकटी? कशाला? आपल्या देशात काय कमी आहे?"

माझी मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, ती विचारत नाहीये. सांगतेय."

नंतर मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ती एकटीच होती. ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली, "मला त्या वेळी जाऊ दिलं असतं तर मी कशी झाले असते, हे मला आता कधीच कळणार नाही. तिला तरी कळू द्या." अठ्ठावीस वर्षांनी. म्हणजे तो विषय त्या स्टेशनबाहेर संपला नव्हता. फक्त माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती.

त्या रात्री मी ॲटलस काढला. ग्वाटेमाला म्हणजे मेक्सिकोच्या खाली, मध्य अमेरिकेतला देश. क्षेत्रफळ एक लाख नऊ हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास. आपला जुना छिंदवाडा जिल्हा, म्हणजे २०२३मध्ये पांढुर्णा वेगळा व्हायच्या आधीचा, तो सुमारे अकरा हजार आठशे. म्हणजे नऊ-सव्वानऊ छिंदवाडे. भाषा स्पॅनिश, पण मूळच्या माया लोकांच्या स्वतःच्या बावीस भाषा आहेत. १९६०पासून १९९६पर्यंत तिथं यादवी युद्ध चाललं. डिसेंबर १९९६मध्ये शांतता करार झाला. चलन क्वेट्झाल, हे त्यांच्या एका पक्ष्याचं नाव, आणि एक क्वेट्झाल म्हणजे तेव्हा आपले साधारण अकरा रुपये होते. घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. आपल्याकडे सकाळचे साडेआठ म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे नऊ. आमच्या घरी जानेवारीभर सकाळी साडेआठला कुणी कुकर लावत नव्हतं, शिटीत फोन ऐकू येणार नाही म्हणून.

तिचा प्रवास कसा झाला ते थोडक्यात सांगतो, गोड आणि कडू दोन्ही.

पहिला आठवडा ती अँटिग्वा नावाच्या जुन्या गावात एका कुटुंबाच्या घरी राहिली. तिथं तशी पद्धतच आहे. सकाळी शिकवणीला जाऊन स्पॅनिश शिकायचं आणि घरच्यांसोबत जेवायचं. जेवण म्हणजे मक्याच्या छोट्या जाड भाकरी आणि काळा घेवडा. मका ते चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात. आपण छिंदवाड्याच्या मक्याचं एवढं कौतुक करतो, पण मका त्याच पट्ट्यातून जगभर गेला. आपल्या ठेच्यातली मिरचीसुद्धा अमेरिकेतूनच पोर्तुगीजांसोबत आली. म्हणजे आपली भाकरी-ठेचा खाणाऱ्या माणसाने त्या मुलखाला अगदीच परकं म्हणू नये.

मग आकाटेनांगो नावाच्या ज्वालामुखीवर चढाई. उंची ३,९७६ मीटर. आपला धूपगड साडेतेराशे मीटर, म्हणजे जवळपास तीन धूपगड एकावर एक. रात्री वर तंबूत राहायचं आणि समोरचा फुएगो नावाचा जिवंत ज्वालामुखी पाहायचा. अंधारात लाल फवारा उडतो, मग आवाज येतो, म्हणाली. ते ऐकायला छान आहे. पण २०१८च्या जून महिन्यात याच फुएगोने पायथ्याची वस्ती गाडून टाकली, शेकडो माणसं गेली. आकाटेनांगोवर थंडीने माणसं दगावली आहेत. तिला वर चढताना उलट्या झाल्या, डोकं फुटायला आलं. वाटाड्याने तिचं ओझं आपल्या पाठीवर घेतलं आणि तिला हळूहळू वर नेलं. ती म्हणते, "आबा, मला तिथं पहिल्यांदा कळलं की नाही जमत असं म्हणता यायला पाहिजे." शिखराकडे पहाटे बाकीचे गेले, ती तंबूतच राहिली. फोटो टाकणाऱ्यांच्या जगात ही कबुली सोपी नाही.

तिथल्या बसला 'चिकन बस' म्हणतात. अमेरिकेतल्या शाळांच्या जुन्या बस, भडक रंगवलेल्या, आणि आत सिटावर तिघं, कधी कोंबड्यासुद्धा. मला आपल्या पोळ्याच्या गर्दीतली सौंसर-पांढुर्णा खासगी बस आठवली. एकदा बस वाटेत बंद पडली आणि चार तास रस्त्यावर बसावं लागलं. एका बाजारात तिचा फोन कुणीतरी उडवला. ते दोन दिवस आमच्या घरी काय गेले ते विचारू नका. फोन लागत नाही, मेसेज नाही. माझी बायको देवापुढून उठेना. मी उगाच बँकेचं जुनं पासबुक काढून बसलो होतो. मुलगी मात्र एकच वाक्य म्हणत होती, "तिने ठरवलंय, दोन दिवसांत संपर्क नाही झाला तर कुठून करायचा ते." आणि खरंच दुसऱ्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणच्या संगणकावरून मेल आली.

आतित्लान सरोवराच्या काठी तिचं पोट बिघडलं. चांगलंच बिघडलं. ज्या घरी खोली घेतली होती तिथल्या आजीबाईने तिला तीन दिवस भाताची पेज दिली आणि ताप पाहायला कपाळावर हात ठेवत राहिली. त्या बाईची भाषा स्पॅनिशसुद्धा नव्हती, मायांपैकी कुठलीतरी. नातीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी फोन बायकोकडे दिला आणि अंगणात गेलो.

शेवटी ती उत्तरेला टिकालला गेली. जंगलात झाडांच्या वर डोकी काढून उभी असलेली मायांची जुनी देवळं. तिथली माकडं वाघासारखी ओरडतात म्हणे. परत आली तेव्हा वजन चार किलो कमी, चेहरा रापलेला, आणि पाठीवरची पिशवी अकरा किलोची. मी ती उचलून पाहिली. मला नाही झेपली.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "तो देश धोक्याचा आहे. इंटरनेटवर पाहा काय काय लिहिलंय." मंडळी, मी पण पाहिलं. चोऱ्या, गुन्हे, सगळं आहे, खोटं नाही. पण मग मी आणखी एक गोष्ट पाहिली. मी 'पांढुर्णा' असं शोधलं. काय दिसलं? दगड! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची आपली गोटमार. जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मधे पळसाचं झाड, आणि दोन्हीकडून दगडांचा वर्षाव. शेकडो जखमी, रुग्णवाहिका, पोलीस. ग्वाटेमालातल्या एखाद्या आजोबाने आपल्या नातीला "पांढुर्ण्याला जाऊ का?" असं विचारल्यावर इंटरनेट पाहिलं, तर तो काय म्हणेल? आणि तुम्ही-आम्ही तर इथं जन्म काढला, संत्री पिकवली, मुलींची लग्नं लावली. गावाचा एक दिवस म्हणजे गाव नव्हे, हे आपल्या गावाबद्दल आपल्याला कळतं. दुसऱ्याच्या गावाबद्दल कळत नाही.

म्हणजे डोळे मिटून जा असं मी म्हणत नाही. गोटमारीच्या दिवशी पाहुण्याला आपणच सांगतो, की पुलाजवळ जाऊ नको, त्या घराच्या गच्चीवरून पाहा. असं सांगणारं स्थानिक माणूस ज्याला जोडता येतं, त्यानेच एकटं फिरावं. ज्याला विचारता येत नाही, ऐकता येत नाही, त्याने आमच्यासारखं टूरमध्ये जावं, त्यातही कमीपणा नाही.

तरुणांनाही दोन शब्द सुनावतो. पाठीवर पिशवी आहे म्हणून तुम्ही कुणी संत होत नाही. महिनाभर मागावर बसून बाई एक कापड विणते आणि तुम्ही तिच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करता, ते हुशारीचं लक्षण नाही. गरिबाच्या घराचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. आणि घरच्यांपासून खरं लपवून जाऊ नका. माझ्या नातीने सगळं सांगून केलं, म्हणून आम्ही ते दोन दिवस तग धरला.

घरच्यांनी काय करावं, ते माझ्या अनुभवावरून लिहितो:

१. आरोग्य आणि प्रवासाचा विमा काढल्याशिवाय जाऊ देऊ नका. इथं मात्र हट्ट धरा. पॉलिसीतलं बारीक अक्षर तुम्ही वाचा, त्यांना वेळ नसतो. उंचावरची चढाई त्यात धरलेली आहे का, ते पाहा.

२. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांची एक प्रत घरी, एक मेलवर, एक तिच्या पिशवीत. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून. ग्वाटेमाला सिटीत आपला दूतावास आहे.

३. पैसे आणि कार्डं तीन ठिकाणी. हा नियम माझा नाही, माझ्या आईचा.

४. फोनची एक वेळ ठरवा. आणि ती टळली तर किती वेळ थांबायचं, कुणाला कळवायचं, हेही आधीच ठरवा. दिवसातून दहा फोन करू नका. तिला पाय कुठे टाकायचा ते पाहायचं असतं.

५. "लोक काय म्हणतील" हा खर्च अंदाजपत्रकात धरू नका. लोक सत्यनारायणाला विचारतात आणि प्रसाद खाऊन घरी जातात.

एवढं करूनही काही वाईट होणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. बँकेत पस्तीस-छत्तीस वर्षं काढलेला माणूस हमी द्यायला घाबरतो. पण घरी बसवून ठेवण्याचाही एक तोटा असतो. तो कुठल्या खात्यात दिसत नाही. माझ्या घरी तो अठ्ठावीस वर्षं होता आणि मला तो स्वयंपाकघरात कळला.

मी मुलीची माफी मागितली का? मागितली. नात परत आल्यावर फेब्रुवारीत. आपल्या पिढीला ते जमत नाही, मलाही धड जमलं नाही. "त्या वेळी माझं चुकलं" एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, चहा गार होतोय." मी ते उत्तर तसंच ठेवून घेतलं. माफी मागितली म्हणून ती मिळालीच पाहिजे असा काही नियम नाही.

आता नागपंचमी जवळ आली आहे. तुम्हाला माहीत आहेच, नागद्वारीची वाट आता व्याघ्र प्रकल्पात येते आणि वर्षातून या यात्रेपुरतीच उघडते. परवा मुलीचा नागपूरहून फोन आला. एकोणपन्नास वर्षांची आहे ती आता. म्हणाली, "यंदा मी नागद्वारीला जातेय. दोघी मैत्रिणी आणि मी. पोरीची बॅकपॅक मागून घेतलीय." मी तोंड उघडायच्या आत पुढे म्हणाली, "एवढंच सांगा, आजी पैसे कुठे कुठे बांधायची?"

मी सांगितलं. पदराची गाठ, फुटाण्यांचा तळ, ताईताचा दोरा. ती म्हणाली, पदर नाहीये, ट्रॅक पँट आहे, बघते काहीतरी. पाऊस फार असतो, शिड्यांवर हात सोडू नको, असं मी दोनदा बोललो. तिसऱ्यांदा बोलायचं आवरलं.

मंडळी, तुमच्या घरात आई, आजी, मावशी, कुणी ना कुणी पोह्यात गेलेली असणारच. कुठून निघाले, कुठे मुक्काम पडला, गाठोड्यात काय होतं, कुणी पाणी पाजलं, जेवढं आठवत असेल तेवढं खाली लिहा. आणि आपल्या घरातल्या पोरीला ते वाचून दाखवा. तिला पिशवी भरताना उपयोगी पडेल.

हर हर महादेव.